दुसऱ्या टाकीतल्या माद्या

विज्मा : काका, पुन्हा सांगा. सावकाश.

विल्निस : सावकाशच सांगतोय. दुसऱ्या टाकीतल्या पिल्लांना मी यीस्ट घालत होतो.

विज्मा : ते तुमचं कामच आहे. आठवड्याला एक चमचा.

विल्निस : चमचा तुझा. वर दोन मुठी माझ्या.

विज्मा : कधीपासून?

विल्निस : पहिल्याच हिवाळ्यापासून.

विज्मा : म्हणजे चार वर्षं. मी काल रिगाला विद्यापीठात सरांना फोन केला, काका. अमेरिकेतल्या नेगिस माशांची वाढ खुंटली की बहुतेक नरच होतात; आमच्या गौया नदीतले मात्र ऐकत नाहीत, म्हटलं. दुसऱ्या, अर्धपोटी ठेवलेल्या टाकीतली तीस पिल्लं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, चौदा माद्या निघाल्या. सरांनी प्रथमच माझं नाव न चुकता घेतलं. शुक्रवारी रिगात सगळ्यांसमोर बोलायचंय.

विल्निस : म्हणून आज सांगितलं. शनिवारी सांगून काय उपयोग?

विज्मा : उपकार झाले. पण का? बोटभर पिल्लं, तोंडाला जबडा नाही, डोळे अजून उघडलेले नाहीत, वर्षानुवर्षं चिखलात पडून असतात. त्यांनी काय मागितलं तुमच्याकडे?

विल्निस : काही नाही. तूच म्हणालीस, सुरुवातीला ती ना नर ना मादी. पुढे ठरतं. उपाशी राहिली तर नरांचीच गर्दी.

विज्मा : मग?

विल्निस : आमची आई लवकर गेली. बाप आणि आम्ही चार भाऊ. वीस वर्षं रोज उकडलेले बटाटे. मीठ मागायलासुद्धा कुणी तोंड उघडत नसे. तसलं घर आपल्या हातानं पुन्हा कशाला वसवायचं?

विज्मा : ते मासे आहेत, काका.

विल्निस : मला सांगतेस? चाळीस वर्षं भाजून विकलेत.

(विज्मा वहीतल्या दुसऱ्या टाकीच्या आकड्यांवर रेघ मारते.)

विज्मा : पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. नवी पिल्लं, आणखी चार वर्षं.

विल्निस : आणि राखणदार नवा.

विज्मा : हो. ते टळणार नाही.

विल्निस : बरोबर आहे. शुक्रवारी काय सांगशील?

विज्मा : जे झालं ते. हसतील. इथं आल्यापासून मी तुमच्याशिवाय कुणाशी धड बोललेली नाही, काका, आणि तिथं पन्नास माणसं असतील. तुम्ही येता का बरोबर? नुसते शेजारी बसा.

विल्निस : कोटाला इस्त्री करावी लागेल. धाकट्या भावाला माती देऊन आलो, तेव्हापासून तसाच टांगलाय.