विसळलेल्या बाटल्या

त्या सकाळी दूध तापवलं, सासूबाईंना औषध दिलं, दोन बादल्या कपडे धुतले आणि मग खुंटीवरची यांची कामाची पिशवी खाली काढली. हे गेल्यापासून दोन वर्षं ती तिथेच लटकत होती. धुवावी म्हणून उलटी केली, तर नट पिळायचे दोन पाने, मूठभर स्क्रू आणि एक पुस्तिका पडली. पाण्याचे नमुने कसे घ्यावेत, याची.

थांबा, आधी रीत पाळते. सन्माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, पंपावरचे आणि प्रयोगशाळेतले माझे सोबती, आणि मागच्या रांगांत दाटीवाटीनं बसलेल्या आमच्या वस्तीतल्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार.

आत्ता माझ्या निवृत्तीचं मानपत्र वाचलं गेलं. त्यात लिहिलंय, 'एकवीस वर्षांच्या सेवेत बाईंच्या हातून एकही चूक झाली नाही.' अक्षर सुंदर आहे, पण हे वाक्य खोटं आहे. ते खोडल्याशिवाय मी मानपत्र घरी नेणार नाही. साहेब, घड्याळ बघू नका, आटोपतेच.

पाहुण्यांसाठी सांगते. शहराचं सांडपाणी आपल्या केंद्रात येतं आणि शुद्ध होऊन जांभळ्या पाइपांतून परत जातं. बागांना, लाँड्र्यांना, संडासाच्या टाक्यांना. लोक नाक मुरडायचे, "गटाराचं पाणी!" हो, गटाराचंच! त्यात लपवण्यासारखं काय आहे? प्यायचं पाणी संडासात ओतताना लाज वाटत नाही, मग हे वापरताना का वाटावी?

पहिले जांभळे पाइप जोडणाऱ्यांत आमचे हे होते. फिटर. ते गेले, पुढे त्यांच्या जागी मला घेतलं आणि नमुने घ्यायचं काम दिलं. नळ सोडायचा, बाटली भरायची, प्रयोगशाळेत पोचवायची. शिकवणारा रजेवर होता. प्रत्येक बाटलीच्या तळाशी थोडी पांढरी भुकटी दिसायची. मला वाटलं, साबण राहिलाय. बायांनो, तुमच्यापैकी कोण अशी बाटली न विसळता भरेल? मी तर तीन-तीनदा विसळायची.

माझी शाळा सातवीत सुटली, पण कागद दिसला की वाचायचा, ही माझी खोड. यांनी ती पुस्तिका कधी उघडलीच नव्हती, पानं एकमेकांना चिकटलेली. मी ओट्याशी उभ्या उभ्या वाचली. ती भुकटी क्लोरीनला थांबवायला घातलेली असते. ती धुऊन टाकली तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतले जंतू मारत राहतो आणि वाईट पाणीही चांगलं दिसतं. अकरा आठवडे माझा प्रत्येक नमुना 'उत्तम' आला होता. आणि त्याच संध्याकाळी, त्या 'उत्तम'च्या जोरावर, जांभळा पाइप आणखी चार वस्त्यांत न्यायचा ठराव नागरिकांच्या सभेपुढे येणार होता.

मी धावत साहेबांकडे गेले. हेच साहेब. तेव्हा केस काळे होते.

"बाई, ठराव होऊन जाऊ दे. मग हवे तितके नमुने घ्या."

"आणि पाणी वाईट निघालं तर?"

"नवऱ्याच्या कष्टांवर पाणी फिरवायला निघालात तुम्ही."

"ते पाणी कसं आहे, हे तरी आधी कळू दे, साहेब."

"नोकरी कायम झालेली नाही तुमची. विसरू नका."

कशी विसरेन? घरी सासूबाई, शाळेत दोन मुली. बाहेरच्या बाकावर बसले. यांना विचारावंसं वाटलं. अजूनही वाटतं, रोज, साधारण जेवायच्या वेळी. त्या दिवशीही विचारायला कुणी नव्हतं. माझं मीच ठरवलं.

सभेत उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. लाँड्रीवाले काका उसळले, "म्हणजे अकरा आठवडे गंडवलंत आम्हाला?"

"मीही गंडले, काका."

"मग आता खरं बोलताय कशावरून?"

"खोटंच बोलायचं असतं, तर घरी बसून भाकऱ्या थापल्या असत्या की! इथे शिव्या खायला कशाला आले असते?"

कुणीतरी हसलं. पण ठराव बारगळला. नव्यानं घेतलेल्या नमुन्यांत शेवटच्या दोन नळांचं पाणी नापास झालं. क्लोरीन तिथवर जेमतेम पोचायचा; नळाशी पुरायचा नाही, पण बाटलीत तासन्‌तास मिळाले की जंतू मारायचा. ते दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे जायला सात महिने लागले. तेव्हा पहिला हात वर केला तो लाँड्रीवाल्या काकांनी. आज जांभळा पाइप सोळा वस्त्यांत आहे. त्या संध्याकाळी गप्प बसले असते आणि कुणाचं लेकरू आजारी पडलं असतं, तर एकाही वस्तीत राहिला नसता. म्हणून सांगते, पाइप आणखी पुढे न्या. खुशाल न्या. पण नापास नमुना दडवून नेलात, तर मी घरी बसले असले तरी सभेला येईन.

साहेब वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, पण मला काढलंही नाही. त्यांचे मनापासून आभार. तुम्ही सगळे आलात, ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. माझी चूक मात्र पोटात घालू नका, ती मानपत्रात लिहा.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी मी सात वाजता कामावर गेले, नोंदवहीतल्या अकराही आठवड्यांच्या 'उत्तम'वर रेघ मारली, शेजारी 'चूक माझी' लिहून सही केली आणि नमुने घ्यायला निघाले.