थांबलं की विझणारे दिवे

बहीण: मग आज काय निघालं? आधी वायर तुटली, मग सोल्डरचा डाग सुटला. आज काय?

दादा: आज चाकच डुगडुगतंय. बॅटरी चाकात बसवली की ते एका बाजूला जड होतं. त्याला मी काय करू?

बहीण: दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन लाव.

दादा: काठावर बसून पोहायला शिकवू नकोस.

बहीण: मला सोमवारपासून कामावर जायचंय, दादा. औषधांच्या दुकानवाल्या काकांनी माझी जागा धरून ठेवलीय, ती काही जन्मभर धरणार नाहीत. संध्याकाळची पाळी आहे, सुटायला अंधार होतो. अट तुझीच होती. खुर्चीच्या दोन्ही चाकांना दिवे लागल्याशिवाय एकटीनं रस्त्यावर जायचं नाही. आईच्या देखत बोललास आणि मी हो म्हटलं.

दादा: म्हटलंस ना? मग दिवे होईपर्यंत मी तुला नेतो-आणतो. बिघडलं कुठे?

बहीण: महिना झाला तुझ्या त्या होईपर्यंतला.

ड्रायव्हर: मिस्त्री, आहे का जरा सवड? ट्रक दारातच लावलाय बघा. मागच्या डाव्या चाकाचे हिरवे दिवे गेले. एक चाक लखलख अन् दुसरं ठार आंधळं. कालपासून लोक म्हणतायत, तुझी गाडी डोळा मारते.

दादा: कार्बन झिजला असेल. गाडीच्या बॅटरीतली वीज त्या कार्बनमधून पितळी कडीत जाते. कडी चाकाबरोबर फिरते, कार्बन जागेवर राहून तिला घासतो. घासून घासून संपला की अंधार.

ड्रायव्हर: म्हणजे काम मोठं?

दादा: चहा पिऊन या, तेवढ्यात होतंय.

ड्रायव्हर: वा! म्हणून तर आम्ही वाट वाकडी करून तुमच्याकडे येतो.

दादा: ब्रेकचं काय केलंत? मागच्या खेपेला सांगितलं होतं, पॅडल पार तळाला जातंय म्हणून.

ड्रायव्हर: करू की, पुढच्या खेपेला करू. लागतोय अजून थोडा थोडा.

दादा: थोडा थोडा.

ड्रायव्हर: आता तुम्हीच सांगा ताई. दिवे चार माणसांना दिसतात, ब्रेक कुणाला दिसतो? येतो मी चहा पिऊन.

बहीण: चहा पिऊन या.

दादा: काय म्हणालीस?

बहीण: तू म्हणालास. त्याच्या चाकाला चहापुरता वेळ. माझ्या चाकांना महिना.

दादा: ट्रक वेगळा, खुर्ची वेगळी. खुर्चीला कुठे आलंय इंजिन?

बहीण: पहिल्या दिवशी काय केलंस आठवतंय? सीटखाली बॅटरी ठेवलीस आणि तिथून सरळ वायर ओढून चाकाला बांधलीस. मी दारातून फाटकापर्यंतसुद्धा पोचले नाही. वायर आसाला गुंडाळत गेली आणि तटकन तुटली. फिरत्या चाकाला सरळ वायर, दादा. ती पण तू बांधलेली.

दादा: माणूस आहे, चुकतो.

बहीण: माणूस चुकतो, पण तू ही चूक करत नाहीस. वहिनी तर तेव्हाच हसत होती. म्हणाली, ह्यांना झोपेतून उठवून काम सांगितलं तरी असं करणार नाहीत. मला वाटलं, थट्टा करतेय. आज उजेड पडला.

दादा: कसला उजेड?

बहीण: तुला दिवे लावायचेच नाहीयेत.

दादा: पकड दे ती.

बहीण: दादा.

दादा: पकड दे आधी. ऐकलंस ना त्याचं? लागतोय थोडा थोडा. असे रोज येतात माझ्याकडे. चाकाला सात रंग हवेत, ब्रेकला तेल नको. त्यांच्या गाड्यांखाली मी झोपतो, तू नाही झोपत. ब्रेकच्या नावानं काय काय चाललेलं असतं ते मला माहीत आहे. त्याच रस्त्यावर तुला सोडायचं? भीती वाटते मला. झालं समाधान?

बहीण: मग हे महिन्यापूर्वी सांगायचंस.

दादा: ऐकलं असतंस?

बहीण: नाही.

दादा: मग? उगाच तोंडाची वाफ कशाला दवडू?

बहीण: भीती मलाही वाटते. पण ती माझी मी बघेन. शाळेत तू नेलंस, कॉलेजात तू नेलंस, परीक्षेच्या दिवशी तर दुकानाला कुलूप लावून बाहेर बसून राहिलास.

दादा: कधी तोंड वाकडं केलं मी?

बहीण: तेच तर. एकदा जरी केलं असतंस, तरी भांडून एकटी गेले असते.

दादा: बरं, रडू नकोस.

बहीण: कोण रडतंय?

दादा: उद्या दिवे लावून देतो. बॅटरीवर, वजन-बिजन सगळं जमवून. दर दोन-तीन दिवसांनी चाक उतरवून बॅटरी तेवढी चार्ज करावी लागेल. ते मी येऊन करत जाईन.

बहीण: म्हणजे फिरून पुन्हा तूच. ही पिशवी उघड.

दादा: हे काय? कॉईल? कुणी गुंडाळल्या?

बहीण: मी. इतकी वर्षं तुझ्या दुकानात बसून काय नुसत्या माशा मारल्या? कॉईल आऱ्यांना बांधायच्या, दिवे त्यांनाच जोडायचे. लोहचुंबक खुर्चीच्या सांगाड्याला. चाक फिरलं की कॉईल चुंबकासमोरून जाणार आणि वीज तिथल्या तिथे तयार. वायर नको, बॅटरी नको, तू नको.

दादा: शेवटचं जरा हळू म्हण.

बहीण: हळूच म्हटलं.

दादा: आणि चौकात थांबलीस की? चाक थांबलं की वीज बंद. नेमकी गरज असते तेव्हा दिवे गुल.

बहीण: पाठीमागचा तांबडा दिवा आहे ना, त्याचे सेल मी घालते. तो पेटलेलाच असतो. हे बाजूचे, चालताना दिसण्यासाठी.

दादा: हळू चाललीस तर नुसते मिणमिणतील.

बहीण: मी हळू कधी चालले?

दादा: शी, वळसे बघ किती सैल. कॉईल गुंडाळलीय की वेणी घातलीय?

बहीण: मला चालतील.

दादा: तुला चालतील, मला नाही चालणार. उद्या कुणी विचारलं की कुणाचं काम, तर माझंच नाव सांगणार आहेस. आण इकडे. वायर अशी ताणून धरायची, बोटाला काचली पाहिजे. बघ. उतर खुर्चीतून, स्टुलावर बस.

(ट्रकचे हिरवे दिवे लागून बराच वेळ झाला आहे. खुर्ची बाकड्यावर उलटी ठेवलेली.)

ड्रायव्हर: झालं का माझं, मिस्त्री? अहो, हे काय! हे तर माझ्यापेक्षा झकास दिसतंय. हातानं फिरवलं की लागतात? वायर कुठाय?

बहीण: वायर नाही.

ड्रायव्हर: बॅटरी?

बहीण: तीही नाही. फिरलं तरच लागतात.

ड्रायव्हर: मग असेच लावा की माझ्या गाडीला. किती वेळ लागेल?

दादा: आधी ब्रेक.

ड्रायव्हर: पुढच्या खेपेला म्हटलं ना.

दादा: आज. चावी माझ्या खिशात आहे. ब्रेकवाला समोरच बसतो, त्याला हाक मारलीय.

ड्रायव्हर: अहो, माल पोचवायचाय मला. एका दिवसानं काय असं आभाळ कोसळतंय?

दादा: ही सोमवारपासून याच रस्त्यानं जाणार आहे. संध्याकाळी. एकटी.

ड्रायव्हर: ताई जाणार?

दादा: हो.

ड्रायव्हर: बरं. स्टूल आहे का एखादं? बसतो मी.

बहीण: माझं घ्या. मी आता खुर्चीत बसते.

दादा: थांब, सरळ करू दे. हं, बस. डावं चाक जरा दाबून फिरव. लागले?

बहीण: लागले.

दादा: ऐक. सोमवारी मी मागे येणार नाही. इथे दारात उभा राहीन, नुसता उभा. इथून चौकापर्यंतचं दिसतं.

बहीण: राहा की.

दादा: आणि मध्येच विझले तर?

बहीण: तर मी थांबलेय असं समज. धावत येऊ नकोस.