आधी दार की आधी धुराडं

घर दुरुस्तीला काढलं की डोकं कसं उठतं, ते मला विचारा. हाली चलनाचे रुपये हाताशी होते ते एकाच कामापुरते. बायको म्हणाली, "अहो, चुलीवर माळवदाला धूर जायला धुराडं पाडा." मी म्हटलं, "लेकीला बघायला कडा गावचे पाव्हणे येणार, त्यांना आधी दार दिसणार." बसवलं नक्षीचं सागवानी दार.

पाव्हणे आले. लेक गूळपाणी घेऊन आली, ती डोळे पुसतच. मुलाचे वडील उठलेच.

"शेठजी, पोरगी रडती कावून? तिच्या मनात न्हाई. आमी निघतो."

"अहो, चुलीचा धूर हाय तो."

"एवढं दार करणाऱ्याच्या घरात धूर?"

खात्री करायला ते स्वैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि खोकत, डोळे चोळत परतले.

"पोरगी पसंत हाय. आधी धुराडं पाडा, मग सुपारी फोडू."

आतून बायको म्हणाली, "वरीसभर मी काय निराळं सांगत होते?"