तीळ लावलेले तीन गोळे

ऐका मंडळी! आज एकच विचारते — तांदळाला कळतं का हो, आपण कुठे चाललोय ते? नवरीच्या डोक्यावर पडला की अक्षत, पानात वाढला की भात, दर्भावर ठेवला की पिंड! दाणा तोच. मग शुभ-अशुभ ठरवतं कोण? दाणा, की आपण?

आणि भात आपलाच, असं समजू नका बरं! अर्धं जग त्यावर जगतं. इराणात म्हणे तळाची खरपूस खरवड पाहुण्याला मानानं वाढतात. आपल्याकडे ती कुणाच्या पानात जाते? — हं, हसल्या बघा सुना!

तर वाईची मंजिरी नोकरीसाठी जपानात गेली. एकटी. महिनाही झाला नव्हता, तोच भावाचा फोन — "अण्णा गेले." ती पोचेपर्यंत थांबणार कसे? भावानं अग्नी दिला, हिनं तो मोबाइलवर पाहिला. जिन्यात शेजारच्या ताकेदाआजी भेटल्या, त्यांना मोडक्यातोडक्या भाषेत कसंबसं सांगितलं — वडील गेले. दुसरा दिवस उजाडला तरी पोटात कण नाही. घास उचलावा, तर हातच वर येईना!

इतक्यात बेल! दारात ताकेदाआजी. वाकून नमस्कार केला, ताटली पुढे केली. ताटलीत काय? भाताचे तीन गोळे! घट्ट वळलेले, पांढरेशुभ्र, वर काळे तीळ!

तुम्ही काय समजला असता? तेच ती समजली! जिवंत माणसाला पिंड!

"नको!" म्हणाली — चक्क मराठीत — आणि धाडकन दार लावलं.

लगेच वाईला फोन. "यमूआत्या, त्या बाईनं मला पिंड आणून दिले गं!"

अण्णांची ही बहीण, मोठी चौकस! म्हणते, "थांब. तीळ भाजलेले होते, की कच्चे?"

"आत्या!"

"अगं, विचारते! आत काही भरलंय का? फोडून बघ की."

"मी ताटली घेतलीच नाही."

"नाही घेतलीस? अगं वेडे, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात आणतात. इकडे कालपासून डबे येताहेत. तुझ्याकडे एक आला, तोही परत पाठवलास?"

मंजिरीनं दार उघडलं. आजी गेलेल्या. ताटली उंबऱ्याशी, वर रुमाल. एक गोळा उचलला, भीतभीत फोडला. आत लालसर, खारवलेलं फळ! जिभेला लागलं मात्र — डोळे मिटले, गाल आत गेले!

"आंबट आहे आत्या. खारटही."

"मग? पिंडात कुणी चव भरतं का? ज्याला जीभ आहे, त्याच्यासाठीच केलंय ते. खा मुकाट्यानं!"

तिन्ही खाल्ले हो! रडत रडत खाल्ले. ताटली धुऊन शेजारी गेली. वाकून नमस्कार केला, ताटली पुढे केली. आजींनी पाहिलं — पोरीच्या हनुवटीला एक शीत चिकटलंय. बोटानं टिपलं, आणि सरळ स्वतःच्या तोंडात टाकलं!

उष्टं, मंडळी! परक्या मुलीचं उष्टं! आपल्याकडे हे कोण करतं? एक आई!

आणि आपण? शेजारी कुणी गेलं की विचारतो — दहावा कधी? अग्नी कुणी दिला? अहो, गेलेल्याचं गुरुजी बघतील! मागे राहिलेली जेवली का, हे कोण बघणार? तेव्हा उद्या डबा घेऊन जा. आणि दार तोंडावर लागलं तर? — रागावू नका. उंबऱ्याशी ठेवून या!