पाय लागला म्हणून

मी एकेकाळी कराटे शिकायला जात होते, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. कळंबोलीत पोरीच्या शाळेच्या वाटेवर ट्रकच ट्रक उभे असायचे, ने-आण करताना मला रोज धाकधूक. म्हणून सोसायटीच्या हॉलमधल्या क्लासला नाव घातलं. तिथं खरोखर मारायचं असतं, हे गेल्यावर कळलं.

माझ्यासमोर उभ्या केल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू, पन्नाशीच्या. माझी लाथ त्यांच्या मांडीला लागली आणि मी लगेच वाकून नमस्कार केला.

"वहिनी, हे काय?" सर ओरडले.

"सर, पाय लागला ना."

"लागायलाच पाहिजे!"

"पण त्या मोठ्या आहेत."

दुसऱ्यांदाही तेच झालं. सर म्हणाले, "आता वाकलात तर उद्यापासून येऊ नका."

मला टेन्शन आलं. काकूच म्हणाल्या, "मार गो, मी काय मातीची आहे?"

मी डोळे मिटून त्यांच्या पोटात लाथ घातली आणि हात छातीशी गच्च धरून ताठ उभी राहिले. काकू एका हातानं पोट धरून कळवळल्या, पण सवयीनं त्यांचा दुसरा हात माझ्या डोक्यावर आला. "सुखी राहा, बाय."

मोठ्या माणसानं आशीर्वाद दिल्यावर ताठ कसं उभं राहायचं? वाकले.

सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "उद्या या. तुमच्याहून लहान कुणीतरी बघून ठेवतो."