भय, खड्डा आन् फास

हालू नोका, पास्टरसाहेब. नाई, आत डुक्कर नाई, एकटे तुमीच हाये. मी कवडू. आष्टीच्या बाजारात तुमाले चहा पाजला होता न, तोच. — तो आवाज? ती आमची बायको, धुरपता. चन्यात काही हाललं का डबा बडवते अन् बोंबलते. तिले वाटलं, रानडुक्कर आलं. तुमी पयाले, अन् धप्पकन खड्ड्यात. आता पाहा, बाजारात तुमीच त्या जुन्या इब्री संदेष्ट्याचं वचन सांगतलं होतं न — भयाच्या आवाजानं जो पयन तो खड्ड्यात पडन, खड्ड्यातून जो निंघन तो फासात अडकन? मी तवाच म्हटलं, या बाबाचं वावर जंगलाले लागून असन. काऊन का डुक्कर थांबवाची पुरी तरकीब सांगून राह्यला तो! घरी येऊन तसंच केलं — इकून डबा, मधात खड्डा, तिकून फास. — काय म्हणता? देवाच्या न्यायाचं हाये? माणसाबद्दल? मंग बरोबरच हाये न, पडला तो माणूसच!

घ्या, दोर धरा. — काऊन नाई धरत? फासाले भेता? वचनातलं तिसरं बाकी राह्यलं म्हणून? अहो, नाई तिथं फास. होता — परवा कापून टाकला. डुकराचं पिल्लू अडकलं होतं, इवलंसं, पट्ट्यापट्ट्याचं. पाय ओढे अन् माह्याकडे पाहे. भय घालणं सोपं, खड्डा खंदणं सोपं — पण सकाळी पाहाले जा लागते न, काय अडकलं ते? तिथंच गडबड झाली. देवालेही जा लागत असन, नाई? ते तुमच्या वचनात लिहिलंच नाई. मी पिल्लाले पाणी पाजलं, मूठभर चना देल्ला... हळू हासा! धुरपताले माहीत नाई. तिचा अर्धा चना डुकरायनं खाल्ला हाये, मलेच पुरन ती इथं.

हां, धरा. या वर. लागलं तर नाई न? पार मातीनं भरले — आली ती, डबा घेऊनच आली. पयलं हेच विचारन, का एवढा मोठा माणूस फासात कसा नाई अडकला? अन् तुमच्याच्यानं खोटं बोलणं होणार नाई, मले माहीत हाये. मंग बोलूच नोका, साहेब. पया!