नाही म्हणायची सोय

(मुलांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. संशोधन करणारी ताई, आठ वर्षांची मुंगी आणि तिची आई.)

मुंगी : म्हणजे मी नाही म्हटलं, तर तू काहीच करणार नाहीस?

ताई : काहीच नाही. सेन्सर पाकिटातच राहील आणि तुम्ही घरी जाल. मुलांना विचारल्याशिवाय लावायचा नाही, असा नियमच आहे.

मुंगी : मग नाही.

आई : मुंगे, अगं एवढीशी चकती. दंडाला चिकटवायची, दहा दिवस. दिवसा तू हुंदडलीस की रात्री झोपेत तुझी साखर किती उतरते, ते ताईंना कळेल. तुझ्यासारख्या सगळ्या मुलांना उपयोग होईल.

मुंगी : नाही. नाही, नाही. आई, काय मस्त वाटतंय. तू पण म्हणून बघ.

आई : घरी अशी नाही हो ही. रोज चार सुया मुकाट टोचून घेते.

ताई : तुम्ही समजावू नका, प्लीज. आग्रह झाला तर तिचा हो धरता येत नाही.

मुंगी : ताई, तुझा चेहरा पडलाय.

ताई : हा माझा नेहमीचा चेहरा आहे.

मुंगी : मघाशी वेगळा होता.

आई : पडणार नाही तर काय! बाहेर नर्सबाई सांगत होत्या, तीस मुलं लागतात, एकोणतीस झाली आणि आज शेवटचा दिवस. एक कमी पडलं तर वर्षभराचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

ताई : हे तिच्यासमोर बोलायचं नव्हतं.

मुंगी : म्हणजे मी तुझं अख्खं वर्ष बुडवू शकते?

ताई : तसं बघायला गेलं तर, हो.

मुंगी : बापरे. मला आणखी काहीतरी विचार ना.

ताई : पाणी हवंय?

मुंगी : नाही.

ताई : तहान नाही लागली?

मुंगी : लागलीय. पण नाही.

आई : तहान लागलीय? थांब, साखर बघू. बोट दे.

मुंगी : बघ, ही अशी करते. जांभई दिली तरी बोट दे. ताई, तुझा नियम घरी पण असतो का?

ताई : कुठला?

मुंगी : विचारायचा.

ताई : इन्सुलिनला नाही म्हणता येत नाही गं. ते घ्यावंच लागतं.

आई : मी विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर मी काय करायचं, सांग.

मुंगी : माहितीये मला. म्हणून तर इथे म्हणून घेतेय.

(आई ओढणीने डोळे टिपते.)

मुंगी : रडू नकोस. साखर वाढेल.

आई : माझी कशाला वाढेल? गप्प बस.

मुंगी : ताई, मी मधेच काढ म्हटलं तर?

ताई : काढीन.

मुंगी : तुझं वर्ष बुडालं तरी?

ताई : तरी.

मुंगी : चेहरा न पाडता?

ताई : ते जमेलच असं नाही.

मुंगी : बरं. विचार आता. नीट विचार.

ताई : मुंगीबाई, उजवा दंड पुढे करता का?

मुंगी : नाही. डावा घे.